शिंगाळ्याला नाव देणारे कर्नल

हेमलकशाहून भामरागड अगदी जवळ. तिथे पर्लकोटा आणि पामुलगौतम या दोन नद्या इंद्रावतीला येऊन मिळतात आणि ते सगळे पाणी पुढे सिरोंचा तालुक्यात गोदावरीत जाते. गोदावरीच्या या खोऱ्यात जाळे टाकणाऱ्या ढिवराला शिंगाळा नवीन नाही. लांबट अंग, खवले मुळीच नाहीत, तोंडाजवळून निघून मागे लोंबणाऱ्या मिशा, पाठ राखाडी-तपकिरी, पोट पांढरे. पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक मऊ, बिनकाट्याचा पर असतो आणि त्याच्या मागच्या टोकाशी एक काळा ठिपका. हा ठिपका पाहिला की शिंगाळा ओळखला.

शास्त्रीय पुस्तकात या माशाचे नाव स्पेराटा सींघाला असे आहे. त्यातला दुसरा शब्द लॅटिन नाही, ग्रीकही नाही. तो आपला शिंगाळाच आहे, इंग्रजी कानाने ऐकलेला आणि इंग्रजी हाताने लिहिलेला. नावापुढे नाव ठेवणाऱ्याचे आडनाव आणि साल असते: साइक्स, १८३९.

विल्यम हेन्री साइक्स हेमलकशाच्या बाजूला कधी आले नाहीत. त्यांच्या काळात चांद्याचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि साइक्स होते मुंबई सरकारचे नोकर. त्यांचे मासे पुण्याच्या आसपासचे, भीमेच्या आणि तिला मिळणाऱ्या नद्यांचे. पण नद्यांची खोरी वेगळी असली तरी शिंगाळा दोन्हीकडे आहे. पुण्याच्या नदीकाठी उच्चारलेले त्याचे नाव त्यामुळे गडचिरोलीच्या माशालाही लागले आणि जगभर तेच चालते.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, घराणे यॉर्कशायरचे. चौदा वर्षांचे होण्याच्या सुमारास ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या सैन्यात भरती झाले. १८०५ साली लॉर्ड लेकच्या सैन्याने भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला, त्यात ते होते. १८१० साली हिंदुस्तानी आणि मराठी या दोन्ही भाषांची दुभाष्याची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. पुढच्या सगळ्या कामाची किल्ली ही परीक्षाच होती असे म्हणायला हरकत नाही. त्या काळात हिंदुस्थानातले प्राणी, पक्षी, मासे गोळा करणारे इंग्रज अधिकारी पुष्कळ होते. पण ज्याने मासा पकडला त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलू शकणारे फार नव्हते.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली. साइक्स त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने हिंदी शिपायांच्या तुकडीचे अधिकारी होते. लढाया संपल्यावर ते रजेवर युरोपात गेले, चार वर्षे फिरले, १८२४ साली लग्न केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात परत मुंबईला आले. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना एक नवेच काम दिले. नव्याने ताब्यात आलेल्या दख्खनची मोजदाद करायची. किती गावे, किती माणसे, किती बैल, कोणती पिके, पाऊस किती, जमिनीचा धारा काय. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड असे चार जिल्हे त्यांच्याकडे आले.

सहा-सात वर्षे साइक्स या चार जिल्ह्यांत तंबू घेऊन फिरत राहिले. डोंगराची उंची काढायची तर माथ्यावर पाणी उकळायचे आणि ते किती अंशाला उकळते ते साध्या तापमापकाने पाहायचे; उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळते, आणि त्यावरून उंचीचा हिशेब लागतो. हवेचा दाब दिवसातून ठरलेल्या वेळांना वरखाली होतो, त्याच्या नोंदी त्यांनी चिकाटीने ठेवल्या. वेरूळच्या लेण्यांवर त्यांनी लिहिले, दख्खनच्या जमीनधारणेवर लिहिले. हे सगळे सरकारी कामात धरता येईल. पक्षी आणि मासे मात्र कुणी सांगितले नव्हते.

सरकारने १८२९ च्या अखेरीस त्यांचे पदच रद्द केले. साइक्स यांनी काम सोडले नाही. परवानगी काढून ते थांबले, अहवाल पुरे केले आणि जानेवारी १८३१ मध्ये मायदेशी निघाले. सोबत पक्षी आणि प्राण्यांचे नमुने, चित्रे आणि नोंदवह्या होत्या. पाणथळ जागी काठावर पाय दुमडून बसणारी, उडाली की अचानक पांढरी दिसणारी ढोकरी आपण रोज पाहतो; तिचे शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा केले ते साइक्स यांनी, १८३२ साली. दख्खनच्या रानकुत्र्याचे, म्हणजे कोळसुनाचे, वर्णनही त्यांचेच, त्याच्या आदल्या वर्षीचे.

माशांना वेळ लागला. लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या माशांवरचा निबंध त्यांनी वाचला तो १८३८ च्या नोव्हेंबरात. सोसायटीच्या इतिवृत्तात तो १८३९ साली छापला गेला आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर आला. त्यात चाळीसहून अधिक मासे आहेत आणि त्यांतले बहुतेक शास्त्राला तोवर माहीत नव्हते. आज महाशीर म्हणून ज्याचा मान आहे त्या दख्खनी महाशीराचे खुद्री हे नाव याच निबंधातले. पण सगळ्यांत लक्ष वेधून घेतात ते मिशाळ मासे, इंग्रजीत ज्यांना कॅटफिश म्हणतात ते. त्यांची नावे वाचताना पुण्याच्या मासळीबाजारातून फिरल्यासारखे वाटते: सींघाला, सींगटी, गोगरा, कुटर्नी, ताक्री, गूंगवारी, इचकीया. मराठी वाचकाला त्यात शिंगाळा, शिंगटी, घोगरा लगेच ओळखू येतात. बाकीच्यांवर इंग्रजी स्पेलिंगने थोडा अन्याय केला आहे, पण मूळ शब्द कुणा भोयाच्या तोंडचा आहे एवढे नक्की.

त्या काळची रीत वेगळी होती. नव्या प्राण्याला रोमन देवतेचे, आश्रयदात्याचे किंवा रंगरूपाचे लॅटिन नाव द्यायचे. साइक्स यांनीही काही माशांना मित्रांची नावे दिली आहेत. एका मोठ्या माशाला ब्रिटिश माशांवर ग्रंथ लिहिणाऱ्या विल्यम यॅरेल यांचे, दुसऱ्याला ब्रिटिश म्युझियममधले जॉन जॉर्ज चिल्ड्रेन यांचे. पण रंगावरून नाव देण्याचा मोह त्यांनी बहुतेक ठिकाणी टाळला, आणि मिशाळ माशांच्या बाबतीत ते फार बरे झाले.

कारण या माशांचा रंग विश्वासाचा नाही. खवलेवाल्या माशाचे तसे बरे असते. खवल्यांची संख्या मोजता येते, ओळी मोजता येतात. मिशाळ माशाला खवलेच नाहीत. नुसती चिकट कातडी, आणि त्या कातडीत रंगाच्या पेशी. काही पेशींत काळा-तपकिरी रंग असतो, काहींत पिवळा-तांबूस. तिसऱ्या प्रकारात रंग नसतोच; त्यांत ग्वानीन नावाच्या द्रव्याचे बारीक पापुद्रे असतात आणि त्यांवरून उजेड परतला की मासा चांदीसारखा चमकतो. काळ्या पेशीत रंगाचे कण मध्यभागी गोळा झाले की मासा फिका पडतो, ते पेशीभर पसरले की गडद होतो. पेशी तीच, रंगद्रव्य तेवढेच, फक्त मांडणी बदलते. हे काम मज्जातंतू आणि संप्रेरके मिळून करतात आणि त्याला वेळ लागतो तो कधी काही मिनिटांचा, कधी काही तासांचा. हार्वर्डचे जॉर्ज हॉवर्ड पार्कर यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या एका मिशाळ माशावर यासाठी पुष्कळ प्रयोग केले. परातले मज्जातंतू बारीक जागी कापले की त्यापुढच्या कातडीवर गडद पट्टा उमटतो, हे त्यांनी दाखवले.

त्यामुळे एकाच जातीचा मासा सावलीतल्या खोल डोहात, काळ्या खडकावर राहिला तर गडद असतो आणि उघड्या वाळूवर राहिला तर फिका. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की खालपर्यंत उजेड पोचत नाही आणि ठिपके, पट्टे पुसट होतात. पिल्लांच्या अंगावरची नक्षी ठळक असते, वय वाढले की ती विरते. विणीच्या दिवसांत पुन्हा वेगळे. मासा घाबरला, पाण्यात प्राणवायू कमी पडला, आजारी पडला, तरी रंग बदलतो. शिवाय जन्मजात फरक असतातच: काळा रंग तयार करणारे जनुकच बिघडले तर लाल डोळ्यांचा पांढरट मासा निपजतो. मागुर आणि शिंगी यांच्यात असे मासे अधूनमधून सापडतात आणि जाळ्यात आले की गावभर चर्चा होते. पर्लकोटेच्या डोहातला आणि गोदावरीच्या वाळवंटातला शिंगाळा शेजारी ठेवले तर रंगावरून त्यांना दोन जाती म्हणण्याचा मोह कुणालाही होईल. पराच्या टोकाचा तो काळा ठिपका मात्र दोघांवर असतो. सगळे रंग बेभरवशाचे नसतात, आणि नेमका कोणता टिकतो हे ठरवण्यातच माशांच्या अभ्यासकाचे अर्धे आयुष्य जाते.

साइक्स यांच्यापुढे आणखी एक अडचण होती. नमुना टिकवायचा तर तो दारूच्या अर्कात बुडवून ठेवायचा. फॉर्मलिनचा वापर त्या वेळी सुरूच झाला नव्हता. अर्कात पिवळा-तांबूस रंग आधी विरघळतो. चमक हळूहळू जाते. काळा तेवढा उरतो, तोही तपकिरी होत. सहा महिन्यांच्या सागरी प्रवासानंतर लंडनला पोचलेला मासा बरणीत पाहिला तर सगळे मिशाळ मासे एकाच मातकट रंगाचे दिसत. युरोपातल्या कित्येक मोठ्या माशाशास्त्रज्ञांनी हिंदुस्थानी माशांची वर्णने अशा बरण्यांतल्या माशांवरूनच केली आहेत, आणि त्यांच्या रंगाच्या नोंदी वाचताना ते लक्षात ठेवावे लागते.

साइक्स यांनी उलट केले. मासा ताजा असतानाच त्याची मापे घेऊन आपल्या देखरेखीखाली चित्र काढून घेतले आणि वर्णनही तेव्हाच लिहिले. मिशा किती आणि किती लांब, पाठीवरचा काटा करवतीसारखा दाते असलेला की गुळगुळीत, पराच्या काड्या किती, डोके चपटे की फुगीर, यांवर त्यांचा भर आहे. रंग लिहिला आहे, पण साक्षीदार म्हणून; निकाल त्यावर दिलेला नाही. मोजदाद हाच ज्याचा पेशा, त्या माणसाला हे सुचावे यात नवल नाही.

या दूरदृष्टीची किंमत पुढे कळली. साइक्स यांच्या अनेक माशांचे मूळ नमुने आज कोणत्याही संग्रहालयात नाहीत. मूळ नमुना हा जातीच्या नावाचा पुरावा असतो. दोन अभ्यासकांत वाद झाला की त्याच्याकडे जायचे असते. इथे जायला बरणीच नाही. उरले आहे ते छापील वर्णन, चित्र, नदीचे नाव आणि माशाचे मराठी नाव.

वाद व्हायचा तो झालाच. मद्रासच्या सैन्यातले डॉक्टर फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात हिंदुस्थानच्या माशांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मासे ओळखायला पुढची शंभर वर्षे बहुतेकांनी तोच वापरला. डे यांनी साइक्स यांच्या काही जाती मानल्या आणि काही आधीच माहीत असलेल्या उत्तरेकडच्या जातींमध्ये विलीन केल्या. शिंगटी त्यातलीच. गंगेच्या खोऱ्यात तिच्यासारखाच एक रुपेरी मासा आहे, पाठीच्या काट्याच्या मुळाशी तसाच गडद ठिपका असलेला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्याला १८२२ सालीच नाव दिले होते. दिसायला सारखे, रंगाने सारखे, तेव्हा दोन्ही एकच, असा हिशेब झाला आणि शिंगटीचे नाव सव्वाशे वर्षांहून जास्त काळ पुस्तकातून जवळजवळ गायब झाले. मग २००५ साली दोन अभ्यासकांनी गंगेपासून दक्षिणेपर्यंतचे आणि म्यानमारचेही नमुने एकत्र ठेवून हाडांपासून परांपर्यंत तपासले. त्या एका रुपेरी माशात तीन जाती निघाल्या. म्यानमारच्या जातीला नवे नाव द्यावे लागले. दक्षिणेतल्या जातीला नाव शोधायची गरजच पडली नाही. ते साइक्स यांनी देऊन ठेवले होते. मिस्टस सींगटी, म्हणजे पुण्याची शिंगटी, पुन्हा स्वतंत्र झाली.

यॅरेल यांचे नाव दिलेल्या माशाचे प्रकरण असे सुटलेले नाही. हा मोठ्या तोंडाचा, अंगावर काळपट ढगांसारखे पट्टे असलेला, वाहत्या पाण्यात खडकांना चिकटून राहणारा मासा. उत्तरेत त्याला गूँच म्हणतात. त्याच्या पट्ट्यांची नक्षी माशागणिक आणि नदीगणिक वेगळी. त्याच्यासारख्या माशांच्या नेमक्या किती जाती आहेत आणि साइक्स यांचे नाव त्यांतल्या कोणत्या माशाला लावायचे, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

लंडनला परतल्यावर साइक्स स्वस्थ बसले नाहीत, हे सांगायला हवे. १८३३ मध्ये ते कर्नल म्हणून लष्करातून निवृत्त झाले. १८३४ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत होते. १८३५ पासून दहा वर्षे मनोरुग्णांच्या व्यवस्थेवर देखरेख करणारे आयुक्त म्हणून त्यांनी काम केले. १८४७ मध्ये त्यांनी कंपनीच्या सैन्यातल्या आजारांची आणि मृत्यूंची आकडेवारी मांडली, गोऱ्या आणि हिंदी शिपायांची वेगवेगळी. छावणीत माणसे लढाईपेक्षा तापाने आणि हगवणीने जास्त मरतात, हे सैन्यात सगळ्यांना माहीत असे. आकड्यांत मांडल्याशिवाय ते सरकारला दिसत नव्हते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, तो याच ओढीतून. १८४० मध्ये ते कंपनीच्या संचालक मंडळावर गेले आणि १८५६ साली तिचे अध्यक्ष झाले. म्हणजे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांद्याचे जंगल कंपनीकडे आले, तेव्हा शिंगाळ्याला नाव देणारा माणूस लंडनमध्ये कंपनीचा एक संचालक होता. १८५७ पासून ते अ‍ॅबर्डीनचे खासदार होते. साठच्या दशकात हवामानाचा अभ्यास करायला फुगे आकाशात सोडण्याचे प्रयोग झाले, त्या समितीतही हे होतेच.

१६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये ते वारले. डे यांचा ग्रंथ तेव्हा यायचा होता, त्यामुळे आपली शिंगटी पुसली गेल्याचे त्यांना कळले नाही.

मराठी नाव थेट शास्त्रात नेण्याची त्यांची पद्धत त्यांच्यानंतर अगदीच संपली असेही नाही. महाराष्ट्रात मत्स्यशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ साली कृष्णेच्या खोऱ्यातला एक लहान मिशाळ मासा नव्याने वर्णन केला. तो इतर माशांचे खवले ओरबाडून खातो. त्याचे जातिनाम त्यांनी ठेवले खवलचोर. 

साइक्स यांच्या नद्यांचे पुढे काय झाले, ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. मुळा-मुठेतल्या माशांच्या याद्या १९४० च्या दशकापासून आजवर अनेकदा झाल्या. जुन्या यादीतले कित्येक मासे नव्या यादीत मिळत नाहीत आणि जुन्या यादीत नसलेले बाहेरचे मासे नव्या यादीत दिसतात. भीमेवर उजनीचे धरण आहे. तिथल्या मासेमारांच्या जाळ्यात अलीकडे एक काळपट, चिलखत घातल्यासारखा मासा येतो; त्याला सकर म्हणतात. तोही मिशाळ माशांच्याच गणातला, पण मूळचा दक्षिण अमेरिकेचा. काचेच्या टाकीतले शेवाळ खातो म्हणून घराघरांतल्या मत्स्यपेट्यांत तो आला. बोटभर लांबीचा विकत घेतलेला मासा वर्षा-दोन वर्षांत फूटभर झाला की टाकीत मावत नाही, आणि मारवतही नाही म्हणून लोक तो तळ्यात किंवा नदीत सोडून देतात. खायला तो कुणाला नको, जाळी मात्र काट्यांनी फाटतात.

या सकरमध्ये रंगाचा गोंधळ साइक्स यांच्या माशांहून मोठा आहे. एका जातीच्या पोटावर सुटे ठिपके असतात, दुसरीच्या पोटावर ठिपके जोडले जाऊन नागमोडी रेघा होतात, असे पुस्तक सांगते. पण ज्या ज्या देशांत हे मासे सुटून नद्यांत वाढले, तिथे अर्धे ठिपके, अर्ध्या रेघा, सगळ्या मधल्या छटा सापडतात. दोन जातींचा संकर झाला असावा असा अंदाज आहे. दुकानात त्याच माशाचा पिवळा-पांढरा प्रकार वेगळ्या नावाने आणि जास्त किमतीला मिळतो. विकत घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की वेगळी नक्षी ही बहुतेक वेळा वेगळी जात नसते. टाकीतला मिशाळ मासा अचानक फिका पडला किंवा काळवंडला, तर नव्या रंगाचे कौतुक करण्याआधी पाणी तपासावे. टाकी नकोशी झाली तर मासा दुकानदाराला परत द्यावा. नदीत सोडू नये.

हाताळण्याबद्दलही सांगायला हवे. जवळजवळ सगळ्याच मिशाळ माशांच्या पाठीवर आणि छातीजवळच्या दोन परांत टणक काटे असतात. शिंगाळा, शिंगटी, शिंगी या नावांमागे हेच शिंगासारखे काटे असावेत. शिंगीचा काटा विषारी असतो आणि लागला की कळ खांद्यापर्यंत जाते. जखम धुऊन हात किंवा पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवला की बहुधा ठणका उतरतो, कारण हे विष उष्णतेने निकामी होते. बधिर झालेल्या कातडीला चटका कळत नाही, म्हणून पाणी आधी दुसऱ्या, धड हाताने पाहावे. काटा आत मोडला असेल, सूज चढत असेल, तर दवाखान्यात जायला उशीर करू नये आणि धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये.

साइक्स यांनी चिल्ड्रेन यांचे नाव दिलेला मासा आता सायलोनिया चिल्ड्रेनी म्हणून ओळखला जातो. रुपेरी अंगाचा, जबड्यात तीक्ष्ण दात असलेला, वाहत्या पाण्यातला हा शिकारी मासा कृष्णा आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांतला आहे. जागतिक लाल यादीत तो धोक्यात असलेल्या माशांत मोडतो. बंधारे, वाळूउपसा, गावांचे सांडपाणी आणि वाजवीपेक्षा जास्त मासेमारी ही त्याची कारणे. कृष्णेच्या बाजूला तो विरळ झाला. भामरागडच्या तिन्ही नद्यांचे पाणी ज्या गोदावरीत जाते, तिच्या खोऱ्यातही त्याचा आसरा आहे, आणि त्याचे पहिले वर्णन आहे १८३९ चे, ताज्या माशावरून लिहिलेले.